कॅसिनोतील पहारा कोणासाठी?

महाराष्ट्राने १९७६ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कॅसिनोंवर नियंत्रण ठेवणारा आणि त्यांच्यावर कर बसविणारा कायदा संमत केला. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र कधीच निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षे तो कायदेपुस्तकात नुसता पडून होता. २०२३ साली राज्य सरकारने तो रद्द करण्याचे ठरवून हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला. त्याच १९७६ साली शेजारच्या गोव्यात सार्वजनिक जुगाराला प्रतिबंध करणारा कायदा झाला होता. म्हणजे एका राज्याने कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला आणि तेथे कॅसिनो आले नाहीत. दुसऱ्याने जुगाराच्या बंदीचा कायदा केला आणि तेथे मात्र ते आले. गोव्याच्या कायद्याला १९९२ मध्ये एक दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे बसविण्याची वाट मोकळी झाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांचे व चक्राचे खेळ मांडण्यास मुभा मिळाली. आज पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या बोटी हे त्या दुरुस्त्यांचे फळ आहे.

रायगड जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते हे छोटे स्थानक आहे. मुंबईहून मडगावकडे धावणाऱ्या गाड्या त्याच्या फलाटासमोरून जातात, आणि मुंबई-गोवा महामार्गही याच परिसरातून जातो. या दोन्ही वाटांनी गोव्याला जाणाऱ्यांत समुद्र पाहायला जाणारे असतात, देवदर्शनाला जाणारे असतात आणि मांडवीतल्या बोटींवर नशीब अजमावणारेही असतात. महाराष्ट्राने आपल्या भूमीवर कॅसिनो येऊ दिला नाही, परंतु महाराष्ट्राचा पैसा कॅसिनोत जाण्याचे थांबलेले नाही. म्हणून त्या बोटींवर पैशावर पहारा कसा ठेवला जातो आणि तो कोणासाठी ठेवला जातो, हे समजून घेणे येथील शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्यालाही अगत्याचे आहे.

खाजगी टांकसाळ

कॅसिनोत रोख रुपये सहसा टेबलावर खेळत नाहीत. खेळणारा पैसे देऊन चकतीसारखे बिल्ले घेतो. त्यांना चिप म्हणतात. निघताना उरलेल्या किंवा जिंकलेल्या चिप्स परत देऊन तो पैसे घेतो. अर्थात चिप हे कॅसिनोचे खाजगी नाणे आहे. ते पाडणारा, चालविणारा आणि परत घेणारा एकच. एखाद्या राज्याला खोट्या नाण्यांची जी भीती, तीच कॅसिनोलाही आहे; फरक एवढाच की, येथे प्रत्येक खोटी चिप थेट मालकाच्या तिजोरीतून पैसे काढते.

ही भीती तीन बाजूंनी येते. पहिली, बनावट चिप्सची. दुसरी, खऱ्या चिप्सच्या चोरीची. मग ती दरोडेखोराने केलेली असो की टेबलावरच्या नोकराने बाहीत सरकवलेली असो. तिसरी लबाडी अधिक सूक्ष्म आहे. चक्रावरील गोळी स्थिरावून निकाल दिसल्यानंतर हातचलाखीने जिंकणाऱ्या आकड्यावर आणखी चिप्स सरकवायच्या, किंवा हरणाऱ्या डावातून त्या उचलून घ्यायच्या. अशा वेळी चिप खरी असते, खोटा असतो तो डाव.

चिप बनते साच्यातून आणि साच्याचा धर्म सारखेपणाचा. जित्याच्या शेजारी हमरापूर-जोहे भागात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. साच्यातून निघालेल्या मूर्ती सारख्याच असतात, हे तेथील कोणीही कारागीर सांगेल. एकीला दुसरीपासून वेगळी करते ती रंगकाम करणाऱ्याची आणि डोळे आखणाऱ्याची बोटे. पण चिपवर असा हात फिरत नाही. ज्याने साचा आणि रंग साधला त्याने चिप साधली. रंगीत कडा, वजन, अदृश्य शाई असे उपाय कॅसिनोंनी पूर्वीपासून केले आणि त्यांच्या नकलाही झाल्या. तेव्हा प्रत्येक चिपला स्वतःचा, दुसऱ्या कोणत्याही चिपला नसलेला क्रमांक देणे हा पुढचा उपाय ठरला.

रेडिओ-टॅगचे कार्य

हा क्रमांक चिपच्या पोटात बसविलेल्या रेडिओ-टॅगमध्ये असतो. या टॅगला बॅटरी नसते. तारेचे एक बारीक वेटोळे आणि त्याला जोडलेले तांदळाच्या दाण्याहून लहान विद्युन्मंडल, एवढाच त्याचा संसार. टेबलाखाली किंवा रोखपालाच्या खिडकीशी बसविलेला वाचक रेडिओ-लहरींचे क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात चिप आली की, वेटोळ्यात वीज निर्माण होते, तेवढ्यावर मंडल जागे होते आणि आपला क्रमांक परत कळविते. कॅसिनोंत यासाठी बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता वापरतात. जुन्या पद्धतीत १२५ किलोहर्ट्झही वापरीत. एकावर एक रचलेल्या वीस चिप्स एकाच वेळी बोलू लागल्या तर त्यांचा गोंधळ होऊ नये, यासाठी विशेष युक्त्या कराव्या लागल्या. या विद्येत खरी कसोटी लागते ती येथेच.

ही विद्या नवी नाही. परावर्तित लहरींनी संदेश पाठविण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन याने १९४८ साली मांडली होती. १९७३ मध्ये अमेरिकेत अशा टॅगांची पेटंटे निघाली. आज ती सामान्य माणसाच्या इतक्या जवळ आली आहे की, तो तिच्याकडे पाहतही नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. मोटारीच्या काचेवर चिकटविलेली ती पट्टी हा रेडिओ-टॅगच आहे. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो, म्हणून काही मीटर अंतरावरूनही वाचता येतो. कॅसिनोतील टॅग टेबलाच्या जवळच वाचावा लागतो. गोव्याकडे निघालेल्या गाडीची नोंद पथकर नाक्यावर ज्या तत्त्वाने होते, त्याच तत्त्वाने कॅसिनोत चिपची नोंद होऊ शकते.

लास व्हेगासमध्ये २००५ साली उघडलेल्या विन कॅसिनोने पहिल्या दिवसापासून अशा चिप्स वापरल्या. चोरीला गेलेली चिप परत आली की, तिचा क्रमांक यादीत सापडतो आणि ती निरुपयोगी ठरते. बनावट चिपला क्रमांक नसतो, किंवा असलेला क्रमांक वहीत नसतो. पण निकालानंतर सरकवलेली चिपही पकडता येते, कारण डाव बंद होण्याच्या क्षणी टेबलावर कोणत्या चिप्स होत्या याची नोंद आधीच झालेली असते.

दोन प्रकरणांचा धडा

अमेरिकेतील दोन प्रकरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. १४ डिसेंबर २०१० रोजी पहाटे शिरस्त्राण घातलेला एक तरुण पिस्तूल घेऊन लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत शिरला आणि सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स घेऊन मोटारसायकलवरून पसार झाला. त्यांत २५ हजार डॉलरच्याही चिप्स होत्या. कॅसिनोने जाहीर केले की, २५ हजारांच्या त्या जातीच्या सर्व चिप्स २२ एप्रिल २०११ नंतर स्वीकारल्या जाणार नाहीत. त्या क्षणी चोराच्या हातातली संपत्ती म्हणजे मुदत संपत आलेल्या चकत्या झाल्या. पुढे वेषांतर केलेल्या पोलिसाला त्या विकताना तो अडकला आणि फेब्रुवारीत पकडला गेला. परंतु एका चोरासाठी सगळी जातच रद्द करावी लागली आणि ज्यांच्याजवळ त्या चिप्स प्रामाणिकपणे आल्या होत्या त्यांनाही धावपळ करणे भाग पडले, ही गोष्ट विसरता येत नाही. चिपला क्रमांक असला तर तेवढ्याच चोरीच्या चिप्स बाद करता येतात. हा त्या क्रमांकाचा मोठा गुण.

दुसरे प्रकरण जानेवारी २०१४ मधले, ॲटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोतले. पोकरच्या स्पर्धेत एका खेळाडूने बाहेरून आणलेल्या बनावट चिप्स खेळात मिसळल्या. संशय येताच उरलेल्या चिप्स त्याने जवळच्या हॉटेलातील शौचकूपात टाकल्या. नळ तुंबला, पाणी गळू लागले आणि दुरुस्ती करणाऱ्यांना दर्शनी किंमत सुमारे २७ लाख डॉलर असलेल्या चिप्सचा गठ्ठा सापडला. स्पर्धा मध्येच थांबवावी लागली आणि आरोपीला तुरुंगवास झाला. लबाडी उघडकीस आणण्यात तुंबलेल्या मोरीचा वाटा मोठा होता, ही गोष्ट कोणत्याही सुरक्षा-व्यवस्थेला भूषणावह नाही.

तथापि टॅग म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी मोटारीच्या किल्ल्यांत आणि पेट्रोलपंपांवर वापरला जाणारा एक टॅग फोडून दाखविला. २००८ मध्ये हॉलंडमधील नायमेखन येथील संशोधकांनी मायफेअर क्लासिक या कार्डाची गुप्तलिपी उकलली. लंडनच्या वाहतुकीतील कार्डे त्याच जातीची होती. क्रमांक उघडपणे पाठविणारा टॅग तर नकलेला आणखीच सोपा. याचा अर्थ असा की, भरवसा टॅगवर ठेवता येत नाही, तो त्याच्यामागे असलेल्या वहीवर ठेवावा लागतो. एकच क्रमांक एकाच वेळी दोन टेबलांवर दिसला तर वही बोलते. आणि ती वही लिहिणारा प्रामाणिक नसेल तर कोणताही टॅग कामाचा नाही.

डाव खरा, तरी नुकसान ठरलेले

येथपर्यंतचा सारा विचार कॅसिनोच्या मालकाच्या बाजूचा झाला. खेळणाऱ्याची बाजू मांडायची तर थोडे अंकगणित करावे लागते. युरोपीय पद्धतीच्या रूले चक्रावर ३७ घरे असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर पण लावून तो आला तर ३५ पट मिळतात. सदतीस वेळा खेळले तर सरासरीने एकदा जिंकायचे आणि छत्तीसदा हरायचे; पदरात ३५ येतात, जातात ३६. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. अमेरिकी चक्रावर दोन शून्ये असतात. तेथे हा वाटा ५ रुपये २६ पैसे होतो. एखाद्या कारकुनाने एका रात्रीत शंभर रुपयांचे दोनशे डाव खेळले तर लावलेली रक्कम होते २० हजार आणि सरासरी नुकसान ५४० रुपये. तो जितका वेळ बसेल तितके ते वाढते. एखादा जिंकून उठतो हे खरे; पण त्याच्या जिंकण्याचे पैसे शेजारच्या खुर्चीवरून आलेले असतात.

यात कोठेही फसवणूक नाही. चिप खरी आहे, चक्र सरळ आहे, डाव स्वच्छ आहे आणि तरीही निकाल ठरलेला आहे. कॅसिनोला लबाडी करण्याची गरज नसते, म्हणूनच त्याला लबाडीची एवढी भीती असते. रेडिओ-टॅग ज्या नुकसानापासून रक्षण करतो ते कॅसिनोचे नुकसान. खेळणाऱ्याच्या नुकसानीवर पहारा ठेवणे हे त्याचे काम नाही. उलट, कोणत्या टेबलावर कोण किती वेगाने किती रक्कम लावतो याची अचूक नोंद हाती आली की, कोणाला आणखी थोडा वेळ बसवून ठेवण्यासाठी फुकट जेवण किंवा खोली द्यावी, हेही ठरविता येते. चोर पकडण्यासाठी आणलेले साधन गिऱ्हाईक धरून ठेवण्याच्या कामीही येते, ही त्याची दुसरी बाजू.

कौटिल्याचा द्यूताध्यक्ष

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. महाभारतातील द्यूतसभेत फासे शकुनीच्या हातातले होते आणि त्यावर देखरेख करणारा कोणी नव्हता. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात याची व्यवस्था लावली आहे. जुगार एकाच ठिकाणी, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावा; फासे त्यानेच भाड्याने द्यावेत; दुसरे फासे आणील त्याला बारा पण दंड करावा; जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याने घ्यावेत. जुगार एका छताखाली आणण्याचे एक कारणही त्याने सांगितले आहे. गुप्तपणे उपजीविका करणारे, म्हणजे चोर आणि हेर, तेथे ओळखता यावेत. कौटिल्य जुगाराचा समर्थक नव्हता. जे थांबत नाही ते डोळ्यांसमोर असावे, एवढाच त्याचा व्यवहारी हिशेब होता. मात्र त्याच्या व्यवस्थेत फासे राज्याचे होते. आजच्या कॅसिनोत फासे मालकाचे, चिप मालकाची, टॅग मालकाचा आणि वहीही मालकाची. राज्य दाराशी उभे राहून आपला शेकडा तेवढा मागते.

तो शेकडा किती आणि कशावर, यावरून अलीकडे मोठा वाद झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर २८ टक्के दराने चिप्सच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर लागू झाला; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा लावलेल्या पणावर पुन्हा कर नाही, परंतु न वापरता परत केलेल्या चिप्सची रक्कमही वजा होत नाही. त्याआधीच्या काळासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यातील कॅसिनो चालविणाऱ्या डेल्टा कॉर्प या कंपनीला ११,१३९ कोटी रुपयांच्या मागणीची नोटीस आली आणि तो वाद न्यायालयात गेला. त्याचे मूळ एवढेच की, कर लावायचा तो लावलेल्या पणावर की मालकाच्या हाती उरलेल्या रकमेवर. कोणतेही उत्तर घेतले तरी कराचा पाया चिपच आहे. खिडकीतून किती चिप्स गेल्या आणि किती परत आल्या, याचा स्वतंत्र हिशेब सरकारजवळ नसेल तर त्याला मालकाच्या वहीवरच विसंबावे लागते.

काळ्या पैशाचेही तसेच. रोख रक्कम देऊन चिप्स घ्यायच्या, दोन-चार डाव खेळायचे आणि चिप्स परत देऊन जिंकल्याचा देखावा करायचा, ही युक्ती जगभर ठाऊक आहे. म्हणूनच २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनोंना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. एखाद्याने घेतलेल्या चिप्स टेबलावर आल्याच नाहीत, हे टॅगच्या नोंदीवरून लगेच दिसते. जे ज्ञान मालकाला चोर पकडण्यासाठी मिळते, तेच राज्याला पैशाचा माग काढण्यासाठी मिळायला हवे.

पहारा दुहेरी हवा

गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून राज्यातील रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी केली. या निर्णयात एक कबुली दडलेली आहे. जे आपल्या नागरिकांना अपायकारक आहे असे राज्य मानते, ते शेजारच्या राज्यातील नागरिकांना चालेल असेही ते मानते. महाराष्ट्राने यावर नुसते नाक मुरडून भागणार नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा असतानाच मुंबईत मटका फोफावला. कापसाच्या भावांच्या आकड्यांवर सुरू झालेला तो खेळ १९६० नंतरच्या दशकांत गिरणगावापासून कोकणातल्या गावांपर्यंत पोहोचला. त्यात ना चिप होती ना टॅग. एका कागदाच्या चिठ्ठीवर मजुराची मजुरी जात असे. बंदीने खेळ थांबला नाही, फक्त हिशेब दिसेनासा झाला. कॅसिनोत हिशेब आहे, पण तो एकाच्याच ताब्यात आहे.

यावर तोडगा नाही असे नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोची चौकशी झाली आणि २०२१ साली चौकशी आयोगाने कंपनी परवान्यास अपात्र असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून तेथील जुगाराच्या यंत्रांवर खेळणाऱ्याला कार्ड वापरणे आणि आपल्या खर्चाची मर्यादा आधी ठरविणे सक्तीचे झाले. म्हणजे मालकासाठी माग काढणारे तंत्र खेळणाऱ्याला आवर घालण्याच्या कामीही लावता येते. ते परवान्याची अट म्हणून लावावे लागते, एवढेच.

गोव्यातील परवान्यांना अशा तीन अटी स्पष्टपणे जोडल्या पाहिजेत. चिप्सची क्रमांकवार नोंद नियामकाला स्वतंत्रपणे आणि त्याच दिवशी मिळावी. खेळणाऱ्याने प्रवेशापूर्वी ठरविलेली मर्यादा संपली की, त्याला नवी चिप देण्याचे रोखपालाला बंधन असावे आणि कुटुंबाच्या आग्रहावरून किंवा स्वतःहून ज्याने दार बंद करून घेतले त्याला ते उघडू नये. आणि या नोंदींचा उपयोग गिऱ्हाईक हेरून त्याला पुन्हा बोलावण्यासाठी करता येऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे. त्याची कसोटी पाहण्यास याहून योग्य जागा नाही. कारण चिपवर ठेवलेला पहारा बघता बघता माणसावरचा पहारा होतो, आणि तो कोणाच्या हातात आहे हे मग महत्त्वाचे ठरते.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्यामागे कुटुंबांच्या उद्ध्वस्त होण्याचे कारण सांगितले गेले. मोबाइलवर पैसे घालविणारा आणि मांडवीतल्या बोटीवर पैसे घालविणारा यांच्या घरी जी चूल थंड पडते, ती वेगळी नसते. एकीकडे संपूर्ण बंदी आणि दुसरीकडे चाळीस टक्क्यांचा वाटा, ही दोन धोरणे एकाच सरकारी व्यवस्थेत नांदत आहेत. ती का नांदतात याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे. तोपर्यंत एवढी अपेक्षा वाजवी आहे की, शंभर रुपयांची चिप हरवली तर ती शोधण्यासाठी जी दक्षता घेतली जाते, तिचा काही अंश तरी महिन्याचा पगार हरविणाऱ्या माणसाच्या वाट्याला यावा. परवाना देणारे सरकार त्या माणसाचेही आहे.